म्हैसूरच्या योगशाळेपासून निघालेला प्रश्न

२०१३ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या न्यायालयात एक वेगळाच खटला चालला. एन्सिनिटास या किनारी गावातल्या सरकारी शाळांनी मुलांसाठी योगाचे वर्ग सुरू केले होते. म्हैसूरच्या पट्टाभी जोइस या योगगुरूंच्या नावाच्या प्रतिष्ठानाने त्यासाठी पाच लाख डॉलरांहून अधिक निधी दिला होता. काही पालकांना हा हिंदू धर्माचा प्रचार वाटला आणि ते कोर्टात गेले. शाळांनी तोवर संस्कृत नावे काढून टाकली होती. पद्मासनाला मुलांच्या तोंडचे, खेळकर इंग्रजी नाव दिले होते. न्यायाधीशांनी निकाल दिला की योगाचे मूळ धार्मिक असले, तरी या शाळांत शिकवला जातो तो योग धार्मिक नाही. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला.

कायद्यापुरता प्रश्न तिथे मिटला. आरोग्याच्या बाजूने तो अजून उघडा आहे. मंत्र, प्रार्थना, गुरू, श्रद्धा बाजूला काढल्यावर जे आसन आणि जो श्वास उरतो, त्याने माणसाला तेवढाच गुण येतो का? की ज्याला आपण अध्यात्म म्हणतो, ते औषधातच मिसळलेले असते? या प्रश्नावर डॉक्टर, साधक, संशोधक आणि विवेकवादी आज कुठे उभे आहेत, ते इथे क्रमाने पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगतो: या वादातली माणसे बहुतेक वेळा वेगवेगळ्या गोष्टी मोजतात आणि त्यांचे उत्तर मात्र एकच असावे, अशी अपेक्षा धरतात.

जगनमोहन राजवाडा ते पुणे

म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार यांनी टी. कृष्णमाचार्य या विद्वान वैष्णव पंडिताला आश्रय दिला आणि १९३३ मध्ये जगनमोहन राजवाड्यात त्यांना योगशाळा काढून दिली. विद्यार्थी मुख्यतः राजघराण्याच्या नात्यातली मुले होती. महाराजांना या मुलांची शरीरे कणखर व्हायला हवी होती. कृष्णमाचार्यांचा स्वतःचा दिवस मात्र पूजा आणि शास्त्राध्ययनाभोवती फिरे. १९३४ मध्ये त्यांचा ‘योगमकरंद’ कन्नडमध्ये निघाला. त्यात यम-नियमांची चर्चा आहे आणि कोणत्या आसनाने कोणता विकार हटतो, हेही आहे. साधना आणि उपचार एकाच पुस्तकात सुखाने नांदत होते. त्यांची फारकत करावी, असे तिथे कोणाला वाटले नव्हते.

या शाळेतून दोन वाटा फुटल्या. पट्टाभी जोइस म्हैसूरलाच राहिले, १९४८ मध्ये त्यांनी आपली संस्था काढली आणि पुढे गोकुळम या उपनगरात जगभरचे विद्यार्थी येऊ लागले. दुसरी वाट आपल्या ओळखीची आहे. कोलार जिल्ह्यातल्या बेळ्ळूरचे बी. के. एस. अय्यंगार १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीत जन्मले. मलेरिया, विषमज्वर आणि क्षय यांनी त्यांचे बालपण खाल्ले. १९३४ मध्ये ते मेहुण्यांकडे, म्हणजे कृष्णमाचार्यांकडे, म्हैसूरला आले. १९३७ मध्ये गुरूंनी त्यांना पुण्याला धाडले. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते आणि त्यांना मराठी येत नव्हते. काही महिन्यांसाठी आलेला हा मुलगा पुण्याचाच झाला. १९६६ मध्ये त्यांचे ‘लाइट ऑन योगा’ निघाले, मराठी वाचक ते ‘योगदीपिका’ म्हणून ओळखतात. १९७५ मध्ये रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी राहिली. पाठदुखी, गुडघेदुखी, दमा घेऊन येणाऱ्यांसाठी दोरखंड, लाकडी ठोकळे, पट्टे आणि खुर्च्या वापरणारे अय्यंगार आसनालाच प्रार्थना मानत. त्यांच्याकडे येणाऱ्या रुग्णाला बहुतेक वेळा पाठ बरी व्हायला हवी असे, प्रार्थना त्याच्या यादीत नसे.

इतिहासकारांचा वाद याच राजवाड्याभोवती आहे. नॉर्मन शोमन यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की राजवाड्याच्या ‘श्रीतत्त्वनिधी’ या एकोणिसाव्या शतकातल्या सचित्र ग्रंथात १२२ आसने आहेत आणि त्यांवर मल्लविद्या व कसरतीची छाप आहे. मार्क सिंगल्टन यांनी २०१० मध्ये पुढचे पाऊल टाकले: आजचा आसनप्रधान योग विसाव्या शतकातल्या युरोपीय व्यायामपद्धतींच्या सहवासात घडला. हे पचायला अनेकांना जड गेले. मग जेसन बर्च आणि खुद्द सिंगल्टन यांनी २०१९ मध्ये ‘हठाभ्यासपद्धती’ या जुन्या ग्रंथावर लिहिले. त्यात ११२ आसने आहेत, दोरावरचीही आहेत. त्याचा ‘श्रीतत्त्वनिधी’शी थेट संबंध लागतो आणि त्याची हस्तलिखित प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. म्हणजे म्हैसूरच्या आसनांचा एक धागा पुण्याच्या दप्तरात सापडला. कसरत आणि साधना यांची सरमिसळ इंग्रजांच्या प्रभावाआधीही होती, एवढे यावरून म्हणता येते. शुद्ध अध्यात्मातून पुढे व्यायाम झाला किंवा व्यायामावर नंतर अध्यात्माचा मुलामा चढला, या दोन्ही गोष्टी अपुऱ्या ठरतात.

लोणावळ्याची प्रयोगशाळा आणि थांबलेले हृदय

श्रद्धेचे दावे यंत्रावर तपासावेत, हा विचार आपल्याकडे बाहेरून आला नाही. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. बंध, नौली, प्राणायाम चालू असताना शरीरातला दाब कसा बदलतो, हे ते मोजत होते. कुवलयानंद स्वतः साधक होते. मोजल्याने साधना उणी होते, असे त्यांना वाटले नाही. आजच्या वादात ही भूमिका कमी ऐकू येते, याची खंत वाटते.

१९३५ मध्ये तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ भारतात आल्या. योगी हृदयाचे ठोके थांबवू शकतात, या दाव्याची त्यांना तपासणी करायची होती आणि कृष्णमाचार्यही त्यांच्यासमोर बसले. ब्रॉस यांच्या आलेखांनी युरोपात खळबळ उडवली. पुढे वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी अधिक चांगली उपकरणे घेऊन पुन्हा तपासणी केली आणि १९६१ मध्ये निष्कर्ष छापला. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, नाडी हाताला लागत नाही, ठोके ऐकू येत नाहीत. आलेखावर मात्र हृदय चालूच असते. चमत्कार गेला, पण शरीरावरचे असामान्य नियंत्रण उरले. या क्षेत्रातल्या पुढच्या बऱ्याच संशोधनाचा शेवट थोड्याफार फरकाने असाच झाला आहे.

जिनिव्हातली व्याख्या

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ च्या घटनेत आरोग्य म्हणजे शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती. १९८४ मध्ये संघटनेच्या सभेने ठराव करून आरोग्याला आध्यात्मिक बाजू आहे, हे मान्य केले. १९९८ मध्ये कार्यकारी मंडळाने ‘आध्यात्मिक’ हा शब्द व्याख्येतच घालण्याची शिफारस केली. १९९९ च्या सभेने तिच्यावर निर्णय घेतला नाही आणि व्याख्या आजही जुनीच आहे. मात्र संघटनेने अर्थ, श्रद्धा, आशा, मनःशांती यांबद्दल प्रश्नावली तयार केली आणि १८ देशांतल्या ५,०८७ लोकांकडून ती भरून घेतली. या गोष्टींचा जीवनमानाशी घट्ट संबंध दिसला.

हॅरॉल्ड केनिग हे धर्म आणि आरोग्य यांच्या अभ्यासातले मोठे नाव. धर्माकडे सहानुभूतीने पाहणाऱ्या याच संशोधकाने २००८ मध्ये अशा प्रश्नावल्यांवर बोट ठेवले. ‘मला मनःशांती आहे’, ‘माझ्या जगण्याला अर्थ आहे’ ही विधाने अध्यात्म म्हणून मोजली आणि मग आध्यात्मिक माणसे मानसिकदृष्ट्या निरोगी निघाली, तर नवल काय? दोन्हीकडे एकच गोष्ट मोजली गेली. हा आक्षेप मला निर्णायक वाटतो. पुढचे आकडे वाचताना तो विसरून चालणार नाही.

भूमिका

पहिली भूमिका परंपरेच्या अंगाने येते. यम-नियमांपासून तोडलेले आसन अर्धवट आहे, त्याचा आरोग्याला होणारा लाभही अर्धवटच असणार, असे ती सांगते. जोइस आणि अय्यंगार या दोघांच्या परंपरांत वर्गाच्या आरंभी प्रार्थना म्हटली जाते, यामागे हीच धारणा आहे.

दुसरी भूमिका तंत्र वेगळे काढता येते, असे मानते. हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांनी महर्षी महेश योगींच्या ध्यानपद्धतीचा अभ्यास करून १९७५ मध्ये मांडले की कोणताही शब्द शांतपणे पुन्हा पुन्हा म्हटला तरी शरीर तोच विसावा घेते. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या रुग्णालयात बौद्ध ध्यानाचा, धर्माचे नाव न घेणारा पाठ सुरू केला. इस्पितळांचे दरवाजे अशा पाठांना उघडले, कारण तिथे कोणाला देव मान्य करावा लागत नव्हता.

तिसरी भूमिका समाजशास्त्राच्या जवळची आहे. गुण येतो तो माणसांच्या संगतीने, नेमाने, व्यसनांपासून लांब राहिल्याने आणि आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो या जाणिवेने. वारी, भजनी मंडळ, चर्च, जमात ही त्याची वाहने आहेत.

चौथी भूमिका सावधगिरीची. कोलंबिया विद्यापीठाचे रिचर्ड स्लोन १९९९ पासून सांगत आले आहेत की पुरावा कमकुवत आहे आणि तो भक्कम असता तरी डॉक्टरने श्रद्धा लिहून देणे अनुचित ठरले असते. डॉक्टर रुग्णाला लग्न करायचा सल्ला देत नाहीत, तसेच हे. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी देव-धर्माला सरसकट विरोध न करता शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला विरोध केला. ही भूमिका स्लोन यांच्यापेक्षा वेगळी असली, तरी रुग्णाचे रक्षण हा दोघांचा गाभा आहे.

पुरावा

दुरून केलेल्या प्रार्थनेबद्दलचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. बेन्सन यांच्याच पुढाकाराने झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले १,८०२ रुग्ण होते. ज्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही, अशा दोन गटांत गुंतागुंतीचे प्रमाण ५२ आणि ५१ टक्के निघाले. दोन्ही गटांना आपल्यासाठी प्रार्थना होते की नाही, हे ठाऊक नव्हते. प्रार्थना होते आहे हे ज्यांना पक्के सांगितले होते, त्यांच्यात ते ५९ टक्के होते. आपली अवस्था इतकी वाईट आहे का, या धास्तीने तसे झाले असावे, असा एक तर्क आहे.

योगाचे पुरावे माफक आहेत, पण खरे आहेत. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या जुन्या पाठदुखीवरच्या आढाव्यात व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा योग करणाऱ्यांची हालचाल थोडी सुधारलेली दिसते. पाठीच्या इतर व्यायामांशी तुलना केली, तर फरक जवळजवळ उरत नाही. भारतातल्या २४ रुग्णालयांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये छापले गेले. योगाच्या गटात मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात अशा घटना ६.७ टक्के, दुसऱ्या गटात ७.४ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. मात्र योग करणाऱ्यांना आपली प्रकृती अधिक बरी वाटत होती आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. बी. एन. गंगाधर आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना औषधांच्या जोडीने योग दिला आणि लाभ नोंदवला. ‘जोडीने’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. इंग्लंडमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांना ध्यान शिकवण्याच्या प्रयोगात मात्र २०२२ मध्ये काहीच फायदा आढळला नाही. बिनधर्माचे तंत्र कुठेही नेले तरी चालते, या दाव्याला तो मोठा धक्का होता.

संगतीचे आकडे सगळ्यांत ठळक आहेत. अमेरिकेतल्या ७४,५३४ परिचारिकांच्या १६ वर्षांच्या पाहणीत आठवड्यातून एकाहून अधिक वेळा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्युदर कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होता. धूम्रपान कमी, नैराश्य कमी, आधार देणारी माणसे जास्त, यांनी त्याचा काही भाग समजतो, सगळा नाही. पण ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. शिवाय बहुतेक स्त्रिया ख्रिस्ती होत्या. व्यसनमुक्तीतला पुरावा याहून घट्ट आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांत स्वतःहून मोठ्या शक्तीपुढे शरण जाणे येते. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात या पद्धतीच्या पाठाने वर्षभर दारू पूर्ण सोडलेल्यांचे प्रमाण ४२ टक्के, इतर उपचारांनी ३५ टक्के होते. इथेही शरणागतीने काम केले, की आठवड्याला भेटणाऱ्या माणसांनी, हे वेगळे काढता येत नाही.

श्रद्धेची दुसरी बाजू विसरली जाते. केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी ५९६ वयस्क रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. देवाने आपल्याला टाकले, हा आजार त्याची शिक्षा आहे, असे ज्यांना वाटत होते त्यांच्यात मृत्यूचा धोका वाढलेला दिसला. पूर्वकर्माचे भोग म्हणून दुखणे सोसणारी माणसे आपल्या घरांत आहेत. त्यांच्याशी कोण बोलते?

देऊळ, दर्गा आणि साखळदंड

तमिळनाडूतल्या मुथुस्वामी मंदिरात राहायला आलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास निम्हान्सच्या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. लक्षणांत सरासरी जवळजवळ २० टक्के घट झाली. तिथे कोणताही खास उपचारविधी नव्हता. रुग्ण सोबत आलेल्या नातेवाइकांबरोबर राहत, देवळाची साधी कामे करत. लाभ या आधारातून आला असावा, असे संशोधकांनी लिहिले. त्याआधी एक वर्ष, ६ ऑगस्ट २००१ रोजी, त्याच राज्यात एरवाडीला दर्ग्याजवळच्या आश्रयगृहात आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. हे दोन्ही एकाच राज्यात, श्रद्धेच्याच नावाने घडले आणि दोन्ही लक्षात ठेवावे लागते.

पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर आणि मधुरा लोहोकरे यांनी २००९ मध्ये महाराष्ट्रातल्या दर्ग्यांवर लिहिताना बजावले की ही ठिकाणे बंद केली, तर विशेषतः स्त्रियांना आपला त्रास बोलून दाखवायची जागाच राहणार नाही. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यावर २००८ पासून ‘दवा आणि दुआ’ चालते: मुजावर रुग्णाला शेजारच्या डॉक्टरांकडे पाठवतो. कायद्यांनी सीमा आखल्या. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, कर्नाटकाचा २०१७ चा. त्याच २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यावर बंदी घातली. सीमा आखली, पण तिच्या आत काय ठेवायचे, यावर एकमत नाही.

अखेरचे दिवस

या सगळ्या क्षेत्रात वाद सर्वांत कमी आहे तो मरणाजवळच्या शुश्रूषेत. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह उघडले. शरीर, मन, नाती आणि श्रद्धा मिळून वेदना होते, अशी त्यांची मांडणी होती. मुंबईत १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झाले. म्हैसूर परिसरात स्वामी विवेकानंद युवक चळवळ अशा रुग्णांच्या घरी जाऊन शुश्रूषा करते. १९८४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ही संस्था काढली आणि पुढे तिने सरगूरला रुग्णालय उभारले. इथे पुरावा थोडा गुंतागुंतीचा आहे. अमेरिकन अभ्यासांत धर्मसमुदायाचा आधार लाभलेले कर्करुग्ण शेवटच्या दिवसांत अतिदक्षता विभागातले उपचार अधिक घेताना दिसले. वैद्यकीय चमूनेच त्यांच्या श्रद्धेची विचारपूस केली, तर शुश्रूषागृह निवडण्याचे प्रमाण वाढले. नर्सने विचारलेला एक साधा प्रश्न, ‘तुम्हाला बळ कुठून मिळते?’, औषधाइतका परिणाम करतो, असे म्हणायला इथे जागा आहे.

गुरूचा हात

योगाच्या आरोग्यलाभांच्या आढाव्यात हा भाग बहुधा गळतो. गुरू आपल्या हातांनी विद्यार्थ्याचे शरीर वळवतो, ही म्हैसूरच्या परंपरेची ओळख आहे. पट्टाभी जोइस २००९ मध्ये वारले. त्यानंतर अनेक विद्यार्थिनींनी जाहीरपणे सांगितले की वर्गात आसन सुधारण्याच्या निमित्ताने त्यांनी आमचे लैंगिक शोषण केले. २०१९ मध्ये त्यांचे नातू आणि उत्तराधिकारी शरत जोइस यांनी त्या वेदनेबद्दल जाहीर क्षमा मागितली. जिथे गुरूवर श्रद्धा हाच उपचाराचा भाग मानला जातो, तिथे रुग्ण ‘नको’ कसे म्हणणार? औषधाच्या चाचणीत अपाय नोंदवावेच लागतात. श्रद्धेच्या उपचारातही ते नोंदवले गेले पाहिजेत, हे मी ठामपणे म्हणतो.

न सुटलेले

एन्सिनिटासच्या प्रश्नाला थेट हात घालणारा एक प्रयोग २००५ चा आहे. एमी वॉखोल्ट्झ आणि पार्गमेंट यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दोन आठवडे रोज वीस मिनिटे ध्यान करायला लावले. काहींनी देवाशी जोडलेले वाक्य म्हटले, काहींनी स्वतःबद्दलचे साधे वाक्य, काहींनी नुसता विसावा घेतला. नंतर बर्फाळ पाण्यात हात बुडवला, तेव्हा पहिल्या गटाने जवळजवळ दुप्पट वेळ कळ सोसली. २००८ मध्ये अर्धशिशीच्या ८३ रुग्णांवर तोच प्रकार केला, तेव्हा देवाशी जोडलेले ध्यान करणाऱ्यांची डोकेदुखी अधिक कमी झाली. अभ्यास छोटे आहेत, पण श्रद्धेचा आशय वेगळा काढला तर काही तरी कमी होते, याची ती खूण आहे.

यापुढचा प्रयोग म्हैसूर आणि पुण्यात करणे शक्य आहे. दोन्ही शहरांत आसने वर्षानुवर्षे शिकवणारे शिक्षक आहेत. पाठदुखीचे रुग्ण घ्यावेत, चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत, एका गटाने आरंभीच्या प्रार्थनेसह आसने करावीत आणि दुसऱ्याने प्रार्थनेविना, आणि अपाय दोन्हीकडे नोंदवावेत. अडचण एकच आहे आणि ती मोठी आहे. प्रार्थनेविना गटात बसलेल्या पुण्याच्या आजींनी मनातल्या मनात विठ्ठलाचे नाव घेतले, तर त्यांना कोणत्या गटात मोजायचे, हे अजून कोणाला ठरवता आलेले नाही.